प्लॅस्टिकचे सूक्ष्मकण आणि पुरुषाचे प्रजनन-आरोग्य

लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही की आपल्या समाजात पहिले बोट उठते ते सुनेकडे. तिला डॉक्टरकडे नेतात, देवऋषाकडे नेतात, नवस बोलायला लावतात. हळदीकुंकवाला, बारशाला तिला टाळतात. काही घरांत दुसऱ्या लग्नाची भाषाही सुरू होते. मुलाची तपासणी मात्र कोणी करीत नाही. आपल्या मुलात काही उणे असेल, हा विचारच घरात कोणाला सुचत नाही.

वैद्यकशास्त्र याबाबतीत स्पष्ट आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोष हे पूर्ण किंवा अंशतः कारण असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. म्हणजे हा प्रश्न एखाद्या घराच्या दैवाचा किंवा मागल्या जन्मीच्या पापाचा नसून सार्वजनिक आरोग्याचा आहे.

अशा विषयावर आपल्या स्मरणिकेत लिहावे काय, असा संकोच काही वडीलधाऱ्यांना वाटेल. त्यांना दोन गोष्टींची आठवण करून द्यावीशी वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, त्यांचे वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहिले ते परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला, पण लैंगिक आरोग्यावर शास्त्रीय लिहिणे ही अश्लीलता नव्हे, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. तोही फेटाळला गेला. परंतु स्त्री-पुरुषांच्या प्रजनन-आरोग्याची चर्चा उघडपणे, लाज न बाळगता आणि शास्त्राच्या आधारे करावी, हा धडा आपल्याला तेव्हाच मिळालेला आहे. तोच धरून गेल्या काही वर्षांत पुढे आलेल्या एका नव्या प्रश्नाची माहिती येथे देत आहे.

सूक्ष्मकण म्हणजे काय ?

प्लॅस्टिक कुजत नाही, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. मात्र ते फुटते. उन्हाने ते ठिसूळ होते, घासले की झिजते, त्याचे तुकडे होतात व तुकड्यांचे कण होतात. पाच मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण तुरीच्या डाळीपेक्षा लहान असलेल्या तुकड्यांना 'मायक्रोप्लॅस्टिक' अर्थात प्लॅस्टिकचे सूक्ष्मकण म्हणतात. इंग्लंडमधील सागरशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्प्सन व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली समुद्रकाठच्या वाळूत व पाण्यात हे कण दाखवून दिले, आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला.

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. सूक्ष्मकणांपैकी जे एक मायक्रॉनहूनही लहान असतात त्यांना 'नॅनोप्लॅस्टिक' म्हणतात. पुरुषाच्या शुक्रजंतूचे डोके जेमतेम पाच मायक्रॉन लांब असते. म्हणजे ज्या पेशीतून नवा जीव घडायचा, तिच्याहूनही कितीतरी लहान असे हे कण असू शकतात. मोठा कण पोटातून आला तसा शौचावाटे निघून जातो. अतिशय लहान कण मात्र आतड्याच्या किंवा फुप्फुसाच्या अस्तरातून रक्तात शिरू शकतो, आणि चिंतेची बाब आहे ती हीच.

भोर-वेल्ह्यात हे कण येतात कोठून ?

आपले दोन्ही तालुके डोंगरातले. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, तरी आपल्या सर्वांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. येथे मोठे कारखाने थोडे, शहरासारखे कचऱ्याचे डोंगरही नाहीत. मग प्लॅस्टिकचे कण आपल्याकडे कशाला असतील, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर रोजच्या व्यवहारात आहे.

पहिली गोष्ट कपड्यांची. सुती धोतर-लुगडे गेले आणि पॉलिएस्टरच्या साड्या, शर्ट, पँटी आल्या. हे कापड म्हणजे प्लॅस्टिकचाच धागा. ओढ्यावर, नदीवर किंवा मशिनमध्ये ते धुतले की प्रत्येक धुण्याबरोबर त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. समुद्रात थेट कणरूपाने जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ३५ टक्के अशा कपड्यांच्या धुण्यातून आणि सुमारे २८ टक्के वाहनांच्या टायरांच्या झिजेतून येते, असा अंदाज आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१७ साली दिला आहे. पुणे-सातारा महामार्ग भोर तालुक्यातून जातो, हे येथे लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट शेतीची. खताच्या गोण्या, रोपांच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या, भाजीपाल्याच्या वाफ्यावर अंथरलेला मल्चिंगचा कागद हे सर्व उन्हात तडकते आणि नांगरटीबरोबर मातीत मिसळते.

तिसरी गोष्ट पर्यटनाची. राजगड-तोरण्यावर, मढे घाटात, धरणांच्या काठी सुट्टीच्या दिवशी लोकांची रीघ लागते. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे तेथेच पडतात व पावसाळ्यात ओढ्याला लागतात.

चौथी गोष्ट आपल्या घरची. उन्हाळ्यात आपल्या कित्येक वाड्या-वस्त्यांवर पाण्याची ओरड होते. टँकरचे किंवा लांबून आणलेले पाणी प्लॅस्टिकच्या टाकीत, ड्रममध्ये भरून दिवसचे दिवस उन्हात ठेवावे लागते. शिवाय परसात कचऱ्याबरोबर प्लॅस्टिक जाळण्याची सवय आहे. त्याने कचरा दिसेनासा होतो, पण कण आणि विषारी धूर श्वासावाटे शरीरात जातात.

आणखी एक बाब विसरून चालणार नाही. आपण पाण्याच्या उगमाशी राहतो. पानशेत आणि वरसगावचे पाणी खडकवासल्यातून पुणे शहर पिते. वेळवंडीवरील भाटघर आणि निरेवरील नीरा देवघर यांचे पाणी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या शेतात जाते. गुंजवणीही खाली जाऊन निरेलाच मिळते. आपल्या ओढ्यात जे पडते ते लाखोंच्या ताटात जाते. पिण्याच्या पाण्याचे जे भारतीय मानक आहे त्यात जंतू, क्षार, जड धातू यांच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. प्लॅस्टिकच्या कणांची मर्यादा त्यात नाही. त्यामुळे पाण्याचा तपासणी-अहवाल 'पिण्यास योग्य' असा आला तरी या कणांविषयी त्यातून काहीच कळत नाही.

अन्नपाण्यात किती ?

मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०१८ साली आपल्या देशातील बाजारी मिठाच्या नमुन्यांत हे कण सापडल्याचे दाखवले. साध्या वाळूच्या गाळणीतून समुद्राचे पाणी गाळून घेतले तर वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक कण वेगळे काढता येतात, हेही त्यांनी त्याच अभ्यासात सांगितले. दिल्लीच्या 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेने २०२४ साली मिठाचे दहा व साखरेचे पाच प्रकार तपासले. सर्वच नमुन्यांत कण होते. मिठात किलोमागे सुमारे ७ पासून ८९ पर्यंत कण मिळाले.

खरगपूरच्या आय.आय.टी.चा २०२० सालचा प्रयोग तर प्रत्येक सभा-संमेलनवाल्याने ध्यानात ठेवावा असा आहे. चहाचा 'कागदी' कप निव्वळ कागदाचा नसतो. आतून त्याला प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. अशा कपात १०० मिलिलिटर कडक गरम द्रव पंधरा मिनिटे ठेवला तर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्मकण उतरतात, असे त्या प्रयोगात आढळले. दिवसाला तीन कप घेणाऱ्याच्या पोटात ७५ हजार कण गेले ! बाटलीबंद पाणी शुद्ध म्हणून आपण पैसे मोजून घेतो. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली तेथील बाटलीबंद पाणी तपासले, तेव्हा लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण मिळाले आणि त्यांतील सुमारे ९० टक्के नॅनो आकाराचे होते.

वृषणाचे नाजूक काम

आता या कणांचा पुरुषाच्या प्रजननाशी संबंध कसा येतो, हे समजण्यासाठी वृषणाचे काम थोडक्यात पाहू. वृषणात अतिशय बारीक, वेटोळ्या नलिका असतात. त्यांच्या भिंतीवर शुक्रजंतू तयार होतात. निरोगी तरुणाच्या शरीरात दर सेकंदाला हजाराहून अधिक शुक्रजंतू निर्माण होत असतात. मूळ पेशीपासून पूर्ण शुक्रजंतू बनायला सुमारे सत्तर दिवस लागतात, आणि पुढे पक्व होऊन बाहेर पडण्याजोगा व्हायला आणखी दहा-पंधरा दिवस. म्हणजे आज शरीराला झालेला अपाय किंवा लागलेली चांगली सवय यांचा परिणाम वीर्यात दिसायला साधारण तीन महिने जातात.

हे काम शरीराच्या इतर भागापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमानात चालते, म्हणून निसर्गाने वृषण शरीराबाहेर पिशवीत ठेवले आहे. नलिकांभोवती पेशींची एक घट्ट तटबंदी असते. रक्तातील अपायकारक द्रव्ये शुक्रजंतूंपर्यंत पोचू नयेत म्हणून ती असते. नलिकांच्या मधल्या जागेत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषत्वाचे संप्रेरक तयार होते. त्याचा हुकूम मेंदूतील ग्रंथीकडून येतो. नलिका, तटबंदी, तापमान व संप्रेरक या चारही गोष्टी नीट असतील तर काम सुरळीत चालते. एक बिघडली तरी संख्या, गती किंवा आकार यांत दोष येतो.

शास्त्रज्ञांना काय आढळले ?

२०२१ साली इटलीत मातेच्या वारेत आणि २०२२ साली नेदरलँड्समध्ये माणसाच्या रक्तात हे कण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. रक्ताच्या २२ नमुन्यांपैकी १७ मध्ये ते होते. तेव्हाच शंका आली की रक्तात असतील तर ते वृषणापर्यंतही पोचत असतील. २०२३ साली चीनमधील संशोधकांनी वृषणात व वीर्यात कण दाखवले. त्याच वर्षी इटलीत दहा पुरुषांच्या वीर्याचे नमुने तपासले, त्यांपैकी सहांत कण निघाले. २०२४ साली चीनमधील जिनान शहरात ४० निरोगी पुरुषांची तपासणी झाली व चाळिसही नमुन्यांत ते होते. २०२५ साली युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या परिषदेत मांडलेल्या अभ्यासात २२ पुरुषांपैकी ५५ टक्क्यांच्या वीर्यात आणि २९ स्त्रियांपैकी ६९ टक्क्यांच्या बीजकोशातील द्रवात कण मिळाले.

सर्वात गाजला तो अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाचा २०२४ चा अभ्यास. मृत्यूनंतर जतन केलेली माणसांची २३ वृषणे आणि कुत्र्यांची ४७ वृषणे त्यांनी तपासली. सर्वांत प्लॅस्टिक होते. माणसांत ग्रॅममागे सरासरी सुमारे ३३० मायक्रोग्रॅम, कुत्र्यांत सुमारे १२३. सर्वात जास्त प्रमाण पॉलिथिनचे, म्हणजे आपल्या पिशव्या-बाटल्यांतील प्लॅस्टिकचे. कुत्र्यांत पी.व्ही.सी.चे प्रमाण जसे जास्त तशी शुक्रजंतूंची संख्या कमी, असा संबंध दिसला. माणसांचे नमुने रसायनात ठेवलेले असल्यामुळे त्यांतील शुक्रजंतू मोजता आले नाहीत. चीनमध्ये ११३ पुरुषांच्या २०२४ च्या अभ्यासात मात्र नॉनस्टिक भांड्यांवर असतो त्या टेफ्लॉनचे कण ज्यांच्या शरीरात आढळले त्यांच्यात शुक्रजंतूंची संख्या कमी असल्याचे दिसून आले.

कण अपाय कसा करीत असतील ? उंदरांवरील प्रयोगांतून तीन मार्ग पुढे आले आहेत. पहिला, शरीरातील रक्षक पेशी कणाला गिळतात, परंतु पचवू शकत नाहीत. तेथे दाह सुरू होतो आणि प्राणवायूची जहाल, अस्थिर रूपे तयार होतात. शुक्रजंतूच्या आवरणातील स्निग्ध द्रव्य त्यांना फार लवकर बळी पडते. दुसरा, नलिकांभोवतीची तटबंदी सैल पडते. तिसरा, टेस्टोस्टेरॉन घटते. याशिवाय प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी त्यात मिसळलेली थॅलेट नावाची द्रव्ये व कडक पारदर्शक प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल ही शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. याचा पुरावा सूक्ष्मकणांच्या पुराव्यापेक्षा जुना व अधिक भक्कम आहे.

कितपत विश्वास ठेवावा ?

तथागतांनी कालामांना उपदेश केला तो असा, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितले आहे म्हणून कोणतीही गोष्ट खरी मानू नका, अनुभवाने व विचाराने पारखून घ्या. हाच निकष शास्त्राच्या बातम्यांनाही लावला पाहिजे. वर्तमानपत्रात 'प्लॅस्टिकमुळे पुरुष नपुंसक होणार' असे मथळे येतात. तसे कोणत्याही संशोधकाने सिद्ध केलेले नाही.

त्याची कारणे समजून घ्यावीत. एक, माणसांवरील अभ्यास लहान आहेत. दहा, बावीस, चाळीस जणांवरून साऱ्या मानवजातीचा निष्कर्ष निघत नाही. दोन, मोजण्याची अडचण आहे. प्रयोगशाळेच्या हवेत, हातमोज्यांत, नळ्यांत प्लॅस्टिक असते व नमुन्यात मिसळते. नमुना तापवून तपासण्याच्या पद्धतीत शरीरातील चरबी पॉलिथिनसारखी भासू शकते, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आहे, त्यामुळे काही आकडे फुगलेले असण्याचा संभव आहे. तीन, उंदरांना पुष्कळदा माणसाच्या वाट्याला येते त्याहून फार मोठी मात्रा दिली जाते. चार, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही.

शुक्रजंतूंची संख्या जगभर घटत आहे, या मताचेही तसेच. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी १९९२ साली जुने अभ्यास एकत्र करून सांगितले की १९३८ ते १९९० या काळात ही संख्या मिलिलिटरला ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आली. १९७३ ते २०१८ या काळात ती निम्म्याहून अधिक घटली, असे २०२२ सालच्या आणखी मोठ्या संकलनाने म्हटले. काही तज्ज्ञ या तुलनेच्या पद्धतीवर हरकत घेतात. घट खरी मानली तरी लठ्ठपणा, धूम्रपान, कीटकनाशके अशी अनेक कारणे एकत्र असणार.

मग स्वस्थ बसावे काय ? नाही. याबाबतीत इतिहासाचा एक दाखला फार बोलका आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यात सूत्रकृमी मारणारे डी.बी.सी.पी. नावाचे औषध बनत असे. तेथील कामगारांच्या आपसातील बोलण्यात असे निघाले की आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही. त्यांनी तपासणीचा आग्रह धरला. १९७७ साली तपासणी झाली, तेव्हा कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतू अगदी थोडे होते, काहींच्या वीर्यात एकही नव्हता. या द्रव्याने वृषणाला इजा होते, हे जनावरांवरील प्रयोगांतून त्यापूर्वीच पुष्कळ वर्षे माहीत होते. १९७९ साली अमेरिकेत त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. संपर्क थांबल्यावर काही कामगार पूर्ववत झाले, काही झाले नाहीत. ही गोष्ट कामगारांच्या उघड बोलण्यातून बाहेर आली. लाज धरून ते गप्प राहिले असते तर आणखी किती संसार त्यात सापडले असते, याचा विचार करावा.

आपल्या समाजाशी याचा संबंध अधिक निकटचा आहे. कचरा वेचून, प्लॅस्टिक निवडून जगणाऱ्यांत कोण आहे ? पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आणि त्याही दलित समाजातील आहेत. भंगाराच्या दुकानात, प्लॅस्टिक वितळवून दाणे बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत हातमोजे-मास्कशिवाय राबणारे तरुणही पुष्कळदा आपल्याच वस्त्यांतले असतात. प्लॅस्टिक बनवून नफा मिळवणारा वेगळा आणि त्याची धूळ छातीत घेणारा वेगळा, ही विषमता आपण ओळखली पाहिजे.

आपण काय करावे ?

प्रथम ज्याचा पुरावा पक्का आहे ते करावे. तंबाखू, विडी-सिगारेट व दारू यांनी शुक्रजंतूंची हानी होते. पंचशीलातील पाचवे शील आपण वंदनेत दररोज म्हणतो. ते पाळले तर आरोग्यालाही त्याचा लाभ आहे. कीटकनाशक फवारताना अंग झाकावे, फवारणीनंतर हातपाय धुवावेत. वृषणाच्या शिरा फुगणे, लहानपणी वृषण खाली न उतरणे, गालगुंडानंतर वृषणाला सूज येणे ही कारणे डॉक्टरांना ओळखता येतात व त्यांतील काहींवर उपचारही आहेत.

प्लॅस्टिकपुरते सांगायचे तर पुढील गोष्टी बिनखर्चाच्या किंवा अल्पखर्चाच्या आहेत :

१) गरम पदार्थ व प्लॅस्टिक यांची गाठ पडू देऊ नये. चहा, आमटी, गरम भात पिशवीतून आणू नये. डबा स्टीलचा न्यावा.

२) पिण्याचे पाणी माठ, तांब्या-पितळेचा हंडा किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवावे. प्लॅस्टिकची टाकी असेल तर ती सावलीत ठेवावी.

३) पाणी गाळून, उकळून, निवल्यावर वरचे ओतून घ्यावे. पाणी जड असेल तर उकळताना क्षारांबरोबर बरेचसे कणही तळाशी बसतात, असे २०२४ साली चीनमधील प्रयोगात दिसले. हलक्या पाण्यात हा फायदा कमी मिळतो. भिक्षूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र, परिस्सावण, सांगितले आहे. सुती फडक्याने नॅनोकण अडणार नाहीत, पण मोठे तुकडे व तंतू निश्चित अडतील.

४) शक्य तेथे सुती कपडा वापरावा. घरात ओल्या फडक्याने पुसावे, कारण घरातील धुळीत तंतू असतात.

५) प्लॅस्टिक कधीही जाळू नये. ग्रामपंचायतीने ते वेगळे गोळा करून पुढे पाठवावे, असा आग्रह ग्रामसभेत धरावा. राज्यात जून २०१८ पासून व देशात जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे. तिची अंमलबजावणी मागणे हा आपला हक्क आहे.

६) मूल होत नसेल तर पती-पत्नी दोघांची तपासणी एकाच वेळी व्हावी. वीर्यतपासणी ही साधी, कमी खर्चाची आणि वेदना न होणारी चाचणी आहे. स्त्रीच्या कोणत्याही शस्त्रक्रियेआधी ती झालीच पाहिजे. मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेली खालची मर्यादा आहे. त्याखाली आकडा आला म्हणजे मूल होणारच नाही असे नव्हे, आणि एकाच चाचणीवर निर्णय करू नये. एस.टी. स्टँडच्या भिंतीवरील 'गुप्तरोग' तज्ज्ञांच्या जाहिरातींना बळी न पडता सरकारी रुग्णालयात जावे.

संघाने करावयाच्या गोष्टी

आपल्या कार्यक्रमांपासून सुरुवात केली तर ती सर्वांना दिसेल. १४ एप्रिलची जयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन या प्रसंगी आपण किती कागदी कप, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या वापरतो, याचा हिशेब एकदा करावा. बाबासाहेबांची प्रतिमा छापलेला फ्लेक्सही पी.व्ही.सी.चा असतो. जयंती झाली की तो फाटून गटारात किंवा कोणाच्या गोठ्यावर जातो. हा त्या प्रतिमेचाही मान नव्हे. पूर्वी आपण कापडी फलक रंगवीत होतो. ती कला जाणणारी मुले अजून आपल्या वाड्यांत आहेत. संघाने वर्गणीतून स्टीलची ताटे-पेले घेऊन ते भोर व वेल्हे या दोन्ही ठिकाणी ठेवावेत आणि गावोगावच्या बौद्धवाड्यांना लग्नकार्यासाठी, पुण्यानुमोदनासाठी द्यावेत. पत्रावळी पळसाच्या पानांच्या घ्याव्यात. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या ओढ्याला पावसाळ्याआधी व नंतर कोणते प्लॅस्टिक किती येते याची नोंद ठेवावी. अशी दोन-तीन वर्षांची नोंद हाती असेल तर जिल्हा परिषदेकडे किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडे जाऊन आपल्या पाण्याची तपासणी मागता येईल.

जागतिक पातळीवर प्लॅस्टिकला आळा घालणारा करार करण्याचे राष्ट्रांनी २०२२ साली ठरवले. २०२४ च्या अखेरीस बुसान येथे व ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे बैठका झाल्या, पण एकमत झाले नाही. मोठ्या राष्ट्रांचे एकमत होईपर्यंत आपल्या पाणवठ्याने वाट पाहावी, असे मात्र मुळीच नाही.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. तेथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले व माणूस म्हणून पाण्यावरचा आपला हक्क जगापुढे मांडला. ज्या पाण्यासाठी आपल्या पूर्वजांनी डोकी फोडून घेतली ते पाणी आपल्या नातवंडांना निर्मळ मिळावे, ही जबाबदारी आता आपली आहे. घटनेच्या ५१-क कलमाने पर्यावरणाचे रक्षण आणि विज्ञाननिष्ठ दृष्टी ही दोन्ही नागरिकांची कर्तव्ये म्हणून सांगितली आहेत. मूलबाळ नाही म्हणून एखादी सून माहेरी धाडली जात असेल तर संघाच्या सभासदाने त्या घरी जावे, आणि आधी मुलाला तपासणीस न्यावे असे समजावून सांगावे. एवढे जरी या लेखाने घडले तरी तो लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

नमो बुद्धाय ! जय भीम !